स्पीकर काय मागतो?

1957 साली इंग्लंडमधल्या हंटिंग्डन या लहानशा गावातून एक वेगळाच स्पीकर बाजारात आला. त्याला खोके नव्हते, कागदाचा शंकू नव्हता, लोहचुंबकही नव्हते. छोट्या लाकडी पायांवर उभी, किंचित बाक दिलेली धातूच्या जाळीची एक चौकट, एवढेच त्याचे दर्शनी रूप. आत अतिशय पातळ प्लास्टिकचा पडदा ताणून बसवलेला आणि त्यावर हजारो व्होल्टचा स्थिर विद्युतभार. पडद्याच्या दोन्ही अंगांना छिद्रे पाडलेल्या पट्ट्या होत्या. त्यांच्यावरचा विद्युतदाब संगीताबरोबर बदलला, की पडदा इकडे ओढला जाई, तिकडे लोटला जाई. पीटर वॉकर या अभियंत्याच्या कंपनीने काढलेला हा क्वाड ईएसएल. गळ्यातला सूर तो ज्या स्वच्छपणाने ऐकवतो, त्याची बरोबरी करणारे स्पीकर आजही मोजकेच आहेत, असे माझे मत आहे.

या स्पीकरसाठी वॉकर यांचाच अ‍ॅम्प्लिफायर होता, क्वाड टू. व्हॉल्व्हचा, 15 वॉटचा. आज मोबाइलला जोडायच्या छोट्या स्पीकरच्या खोक्यावरही याहून मोठे आकडे छापलेले असतात. तरी त्या 15 वॉटवर ही जोडी घराघरांत वर्षानुवर्षे वाजली. पुढे ट्रान्झिस्टरचे ताकदवान अ‍ॅम्प्लिफायर आले आणि लोकांनी ते हौसेने याच स्पीकरला जोडले. ईएसएलची सहनशक्ती 33 व्होल्टच्या शिखरापर्यंत. त्यापलीकडे दाब गेला की आत ठिणगी पडून पॅनेल निकामी होई. दुसऱ्या बाजूने, या स्पीकरचा विद्युतरोध खर्जात 30 ओहमच्या आसपास, तर अगदी वरच्या स्वरांत 2 ओहमच्याही खाली. अशा भाराची सवय नसलेले काही सुरुवातीचे ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर अस्थिर होऊन स्वतःच जळत. म्हणजे एकाच जोडणीत कधी अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरला मारी, तर कधी स्पीकर अ‍ॅम्प्लिफायरला. दोन्ही यंत्रे आपापल्या जागी उत्तम होती. त्यांच्यातला व्यवहार जमत नव्हता, आणि हे प्रकरण त्या व्यवहाराविषयी आहे.

आपल्याकडे हा व्यवहार एकाच शब्दात उरकला जातो: वॉट. नव्वदच्या दशकात ज्यांनी म्युझिक सिस्टिम घेतली, त्यांना खोक्यावरचे 'पीएमपीओ' नक्की आठवत असेल. हजार वॉट, दोन हजार वॉट. भिंतीतल्या ज्या प्लगवर ते यंत्र चाले, तिथून ते शंभर वॉटही ओढत नसे. पीएमपीओ मोजण्याची सर्वमान्य पद्धत कधी नव्हतीच. एका निमिषासाठी, कितीही विकृत झालेला का असेना, जो काही झटका निघेल त्याला मनाजोगते गुणून तो आकडा छापला जाई. अमेरिकेत असाच गोंधळ आधी होऊन गेला होता. तिथे फेडरल ट्रेड कमिशनने 1974 साली नियम केला, की अ‍ॅम्प्लिफायरची ताकद सांगायची तर ती अखंड मिळणारी सांगा, किती ओहमला ते सांगा, कोणत्या स्वरपट्ट्यात आणि किती विकृतीसह तेही सांगा. आजही आकडा वाचताना या चार गोष्टी विचाराव्यात. होम थिएटरच्या जाहिरातीत '140 वॉट' असते आणि खाली बारीक अक्षरांत '6 ओहम, 1 किलोहर्ट्झ, 10 टक्के विकृती, एकच चॅनेल चालू' असे असते. 10 टक्के विकृती म्हणजे आवाज फाटलेला असतो. तो आकडा संगीत ऐकण्याच्या उपयोगाचा नाही.

मग खरोखर किती वॉट लागतात? इथे थोडे गणित करू या. निष्कर्ष बहुतेकांना चकित करतो.

स्पीकरच्या माहितीपत्रकात 'संवेदनशीलता' नावाचा आकडा असतो, उदाहरणार्थ 87 डेसिबल. एक वॉट दिल्यावर एक मीटर अंतरावर इतका आवाज मिळतो, असा त्याचा अर्थ. स्पीकर दोन आहेत, त्याचे 3 डेसिबल वाढतील. आपण तीन मीटरवर बसलो आहोत. उघड्या मैदानात एवढ्या अंतराने साडेनऊ डेसिबल गेले असते, पण खोलीच्या भिंती बराच आवाज परत देतात, म्हणून साधारण 6 वजा करू. उरले 84. घरात निवांतपणे, पण मन लावून ऐकताना सरासरी पातळी 74 च्या आसपास असते, म्हणजे दहा डेसिबल खाली. दहा डेसिबल म्हणजे दसपट ताकद. तेव्हा आपण जे ऐकत असतो, ते बहुतांश वेळ वॉटच्या दहाव्या भागावर चाललेले असते.

परंतु संगीत सरासरीवर जगत नाही. चांगल्या ध्वनिमुद्रणात तबल्याची थाप किंवा पखवाजावरचा खुला बोल सरासरीच्या 15-20 डेसिबल वर उसळू शकतो. वीस डेसिबल म्हणजे शंभरपट. दहाव्या भागाचे झाले दहा वॉट, तेही काही मिलिसेकंदांसाठी. एखाद्या रविवारी आवाज वाढवून सरासरी 80 वर नेली, तर त्याच थापेला 40 वॉट हवेत. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधली दहा बाय बाराची खोली असेल तर एवढ्यात हिशेब संपतो.

आता स्पीकर बदलून पाहू. बीबीसीच्या अभियंत्यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला एलएस3/5ए नावाचा चिमुकला स्पीकर घडवला. बाहेरच्या प्रक्षेपणासाठी जाणाऱ्या गाडीत, अडचणीच्या जागेत बसून बोललेला शब्द नीट पारखता यावा, हा उद्देश. जेमतेम फूटभर उंचीचे ते खोके पुढे परवान्याने अनेक कंपन्यांनी बनवले आणि घरगुती श्रोत्यांनी ते अक्षरशः जिवापाड जपले. त्याची संवेदनशीलता मात्र 82-83 डेसिबलच. वरच्या हिशेबात पाच डेसिबल कमी पडले की 40 वॉटचे सव्वाशे होतात, आणि सव्वाशे वॉट तो स्पीकर सोसणारच नाही. त्याची मर्यादा 25-30 वॉटच्या घरातली. त्याला मोठा अ‍ॅम्प्लिफायर जोडून मोठा आवाज मिळत नाही. लहान खोलीत, जवळ बसून, मध्यम आवाजात ऐकण्यासाठीच तो आहे आणि तसे ऐकले तर त्याच्याइतका विश्वासू सोबती नाही. उलट टोकाला पॉल क्लिप्श यांचा क्लिप्शहॉर्न. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात 1946 मध्ये जन्मलेला, खोलीच्या कोपऱ्यात बसणारा, कपाटाएवढा कर्ण्याचा स्पीकर. त्याची संवेदनशीलता शंभर डेसिबलच्या वर. तीच तबल्याची थाप त्याच्यावर दोन वॉटमध्ये होते.

हा फरक कारागिरीतला नाही, भौतिकीतला आहे. खोलवर जाणारा खर्ज, लहान खोके आणि उच्च संवेदनशीलता या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. कोणत्या तरी दोनच निवडाव्या लागतात. 1954 मध्ये एडगर विल्चर यांनी बंद खोक्यातल्या हवेलाच स्प्रिंगचे काम देऊन एआर-1 हा स्पीकर केला. लहान खोक्यातून तोवर कोणी न ऐकलेला खर्ज निघाला, पण संवेदनशीलतेचा बळी देऊन. पुढच्या दोन दशकांत अ‍ॅम्प्लिफायरचे वॉट वाढत गेले, त्यामागे या एका कल्पनेचा मोठा हात आहे. तेव्हा 60 वॉटचा घ्यावा की 80 चा, या चिंतेत रात्र घालवू नये. त्या दोहोंत सव्वा डेसिबलचा फरक आहे, तो कानाला जेमतेम कळेल. दोन स्पीकरांच्या संवेदनशीलतेत मात्र सहज पाच-सहा डेसिबलचे अंतर असते. पैसे त्या आकड्याकडे पाहून खर्च करावेत.

आता ओहमकडे वळू. गैरसमज जास्त इथेच आहेत.

'8 ओहमचा स्पीकर 8 ओहमच्याच अ‍ॅम्प्लिफायरला लावायचा' ही समजूत व्हॉल्व्हच्या काळातली आहे. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शेवटी एक ट्रान्स्फॉर्मर असतो आणि त्याला 4, 8, 16 ओहमच्या वेगवेगळ्या जोडण्या काढलेल्या असतात. तिथे योग्य जोडणी निवडणे गरजेचेच. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरचे तसे नाही. त्याचा स्वतःचा अंतर्गत रोध ओहमच्या शंभराव्या भागांत मोजावा इतका कमी असतो. तो ठरलेला विद्युतदाब देतो, स्पीकर आपल्या रोधाप्रमाणे त्यातून विद्युतप्रवाह ओढून घेतो. बरोबरी साधायची नसतेच. प्रश्न एवढाच, की स्पीकर मागेल तितका प्रवाह त्या दाबाला देता येईल का?

आणि स्पीकरची मागणी एकसारखी नसते. '8 ओहम' हे स्पीकरच्या पाठीवर लिहिलेले नाव आहे, त्याचे वर्तन नव्हे. साध्या शंकूच्या वूफरचेच, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या भागाचेच घ्या. त्याचा शंकू आणि त्याला धरून ठेवणारी लवचीक कड मिळून झोपाळ्यासारखे वागतात. झोपाळ्याच्या स्वतःच्या लयीत पायाने हलकासा रेटा दिला तरी तो उंच जातो. तसेच वूफरच्या नैसर्गिक कंपनसंख्येवर त्याला फार थोडा प्रवाह पुरतो. थोडा प्रवाह ओढला जातो, म्हणजे त्या स्वराला रोध जास्त, 25-30 ओहमसुद्धा. तिथून वर गेले की रोध झपाट्याने उतरतो आणि साधारण 100 ते 300 हर्ट्झच्या दरम्यान तळ गाठतो. पुढे खर्ज आणि वरचे स्वर वेगळे करणाऱ्या क्रॉसओव्हरच्या जागी पुन्हा चढतो, पुन्हा उतरतो. आंतरराष्ट्रीय मानक सांगते, की हा तळ छापील आकड्याच्या 80 टक्क्यांखाली जाऊ नये. म्हणजे 8 ओहमचा स्पीकर 6.4 च्या खाली, 4 ओहमचा 3.2 च्या खाली उतरू नये. बाजारातले अनेक स्पीकर हे पाळत नाहीत. छापतात 8, उतरतात 3 पर्यंत.

त्यातच दाब आणि प्रवाह यांची शिखरे एकाच क्षणी येत नाहीत. कॉइल आणि कपॅसिटरमुळे ती मागेपुढे सरकतात, आणि प्रवाह भरपूर पण दाब अर्धवट अशा अवस्थेत ट्रान्झिस्टर सगळ्यात जास्त तापतो. कागदावर 4 ओहम दिसणारा स्पीकर अशा वेळी 2 ओहमइतका जड ठरू शकतो. गंमत अशी, की पुरुषाच्या भरदार आवाजाचे, तबल्याच्या डग्ग्याचे, तंबोऱ्याच्या खर्जाचे बरेच बळ त्याच 100-300 हर्ट्झच्या पट्ट्यात असते. जिथे संगीत जास्त मागते, तिथेच स्पीकरचा रोध कमी.

आकडे मांडले की चित्र स्पष्ट होते. 8 ओहमला 50 वॉट देणारा अ‍ॅम्प्लिफायर 20 व्होल्ट देत असतो आणि अडीच अँपिअर प्रवाह. रोध 4 ओहम झाला तर तेवढ्याच दाबाला 5 अँपिअर लागतील, 100 वॉट होतील. माहितीपत्रकात '8 ओहमला 50, 4 ओहमला 90-100' असे दिसले तर तो गडी कणखर आहे असे समजावे. '8 ओहमला 50, 4 ओहमला 60' असेल तर त्याचा वीजपुरवठा आतून दमतो आहे. आणि 4 ओहमचा आकडाच दिलेला नसेल, तर त्या मौनाचा अर्थही तोच घ्यावा. मी स्वतः अ‍ॅम्प्लिफायर निवडताना पहिल्यांदा हाच आकडा पाहतो, बाकीचे नंतर.

या बाबतीतले टोकाचे उदाहरण म्हणजे ऐंशीच्या दशकातला अमेरिकन अ‍ॅपोजी सिंटिला. रिबनचा स्पीकर, रोध अवघा 1 ओहम. वरचाच 20 व्होल्टचा दाब त्याला दिला तर तो 20 अँपिअर मागणार. बहुतेक अ‍ॅम्प्लिफायर त्याच्यापुढे बंद पडत. क्रेलसारख्या, रोध अर्धा झाला की ताकद दुप्पट करणाऱ्या अवजड यंत्रांनाच तो पेलवे. दुसरीकडे 1978 चा एनएडी 3020 हा अ‍ॅम्प्लिफायर. नावाला 20 वॉट, किंमत विद्यार्थ्यालाही झेपणारी. पण त्याच्या रचनाकाराने, एरिक एडवर्डसन यांनी, प्रयोगशाळेतल्या रोधकाऐवजी खरा स्पीकर डोळ्यांपुढे ठेवला होता. क्षणभराच्या मागणीला तो आपल्या छापील ताकदीच्या कितीतरी पुढे जाई. दुप्पट-तिप्पट वॉट लिहिलेल्या यंत्रांपेक्षा तो अवघड स्पीकर निर्धास्तपणे चालवी. त्याला मिळालेले प्रेम मला पूर्णपणे रास्त वाटते.

इथेच आणखी एक सावधानता. अनेक अ‍ॅम्प्लिफायरना 'ए' आणि 'बी' अशा दोन जोड्यांची सोय असते आणि घरात कोणाला तरी दुसरी जोडी गॅलरीत लावण्याची कल्पना सुचते. 8 ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की 4 ओहम होतात. 4 ओहमचे दोन म्हणजे 2. गॅलरीत भजन लागते आणि दिवाणखान्यातला अ‍ॅम्प्लिफायर तापून बंद पडतो.

अ‍ॅम्प्लिफायरच्या क्षमतेपलीकडे मागणी गेली तर होते काय? लहरीचे माथे छाटले जातात. वर गोलाई हवी तिथे सपाट टोक येते. याला क्लिपिंग म्हणतात. 'मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरने स्पीकर उडतात, म्हणून लहान घ्या' हा दुकानात सर्रास मिळणारा सल्ला या ठिकाणी फसतो. पूर्ण छाटली गेलेली लहर मूळ लहरीच्या दुप्पट ताकद वाहते. शिवाय बटण फिरवत राहिले तर खर्ज आधीच मर्यादेला टेकलेला असतो, त्यामुळे वाढतात ते वरचे स्वर आणि छाटणीतून निपजलेला कर्कश कचरा. हे सगळे जाते वरचे स्वर वाजवणाऱ्या ट्विटरकडे. त्याची तार केसासारखी बारीक, सोसण्याची ताकद थोड्याच वॉटची. पार्टीत जळतात ते बहुधा ट्विटरच, आणि जाळणारा अ‍ॅम्प्लिफायर बहुधा लहानच असतो. एनएडीने 3020 च्या पाठीवर 'सॉफ्ट क्लिपिंग'चे बटण दिले होते ते यासाठीच, माथे एकदम छाटले न जाता हळूहळू गोल व्हावेत म्हणून. ज्याला आवाज वाढवायची सवय आहे त्याने स्पीकरच्या मर्यादेहून थोडा मोठा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा आणि हात आवरावा. कानाला कर्कशपणा जाणवला की बटण मागे आणायचे, एवढे घरातल्या मुलांनाही शिकवता येते.

व्हॉल्व्हच्या शौकिनांसाठी थोडे वेगळे सांगायला हवे. 300बी या नामांकित व्हॉल्व्हचा, एकाच व्हॉल्व्हवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर सुमारे 8 वॉट देतो. त्याचा अंतर्गत रोध 2-3 ओहम असू शकतो, ट्रान्झिस्टरसारखा नगण्य नव्हे. त्यामुळे स्पीकरच्या रोधाची चढउतार आवाजात उमटते. अंतर्गत रोध 2 ओहम धरला, तर स्पीकर 30 ओहमवर असताना जवळजवळ सगळा दाब त्याला मिळतो, 4 ओहमवर असताना दोन तृतीयांशच. फरक 3 डेसिबलचा. म्हणजे तोच अ‍ॅम्प्लिफायर एका स्पीकरवर खर्ज फुगवतो, दुसऱ्यावर मधले स्वर मागे ढकलतो. लोक याला 'व्हॉल्व्हचा गोडवा' म्हणतात. काही वेळा तो खरोखर गोड लागतोही, पण तो त्या विशिष्ट जोडीचा गुण असतो. अशा अ‍ॅम्प्लिफायरसाठी संवेदनशीलता 95 च्या वर आणि रोध शक्य तितका सपाट, असा स्पीकर शोधावा. हल्ली मिळणारे स्वस्त, तळहातावर मावणारे क्लास डी अ‍ॅम्प्लिफायरही अशाच कारणाने वरच्या स्वरांत स्पीकरप्रमाणे रंग बदलतात. त्यांच्या शेवटच्या गाळणीचे गणित ठरावीक ओहम धरून केलेले असते. चांगल्या क्लास डी रचनांनी हा दोष दूर केला आहे.

मर्यादेच्या आत असताना अ‍ॅम्प्लिफायरमधला फरक किती उरतो, हे वॉकर यांनी तपासून पाहिले होते. 1978 मध्ये त्यांचे तीन अ‍ॅम्प्लिफायर, जुना व्हॉल्व्हचा क्वाड टू, ट्रान्झिस्टरचा 303 आणि नंतरचा 405, नावे झाकून अनुभवी श्रोत्यांना ऐकवले गेले. कोणता वाजतो आहे हे श्रोत्यांना खात्रीने ओळखता आले नाही. तिन्हींपैकी एकही यंत्र त्या चाचणीत क्षमतेबाहेर ढकलले नव्हते. जोडी जुळली आहे याची याहून चांगली खूण नाही.

वायरबद्दल दोन वाक्ये पुरतात. घरात दिव्यांना वापरतात तशी दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पाच मीटरला जाऊनयेऊन 0.12 ओहमच्या आसपास रोध घालते, 8 ओहमच्या स्पीकरला ते चालते. स्पीकर 4 ओहमचा किंवा खोली लांब असेल तर अडीचची घ्यावी, आणि उरलेले पैसे स्पीकरमध्ये घालावेत.

खरेदीचा क्रम मग आपोआप ठरतो. आधी खोली आणि बसायचे अंतर, मग स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर शेवटी. माहितीपत्रकावर संवेदनशीलता '2.83 व्होल्टला' दिली असेल तर सावध राहावे. 8 ओहमला 2.83 व्होल्ट म्हणजे एक वॉट, पण 4 ओहमला दोन. तसा 4 ओहमचा स्पीकर फुकटचे 3 डेसिबल मिरवत असतो. दुकानात ऐकायला जाताना आपल्या ओळखीचे ध्वनिमुद्रण न्यावे, ज्यात तबला-पखवाज जवळून घेतला आहे असे, आणि घरी जितक्या मोठ्याने ऐकतो त्याहून थोडे मोठ्याने, निदान दहा मिनिटे ऐकावे. थाप पडते त्या क्षणी गायकाचा आवाज दबला किंवा खरखरीत झाला, तर अ‍ॅम्प्लिफायर कमी पडतो आहे. जोडी घरी आल्यावर दोन्ही स्पीकरची लाल खूण लाल टर्मिनललाच लागली आहे ना, हे एकदा हाताने चाचपून पाहावे. एकीकडे वायर उलटी लागली तर दोन्ही वूफर एकमेकांविरुद्ध हलतात, खर्ज नाहीसा होतो आणि गायक दोन स्पीकरच्या मध्ये उभा न राहता खोलीभर विखुरतो. अशा घरांत अ‍ॅम्प्लिफायर बदलण्याची बोलणी चालू असतात.